ग्लूटेन फ्री डबा महिनाभर लावला, मी आणि वहिनीने दोघींनी – आमचा अनुभव

डबा कसा आहे ते आधी सांगते, बाकीचं मग. जेवण चवीला चांगलं, घरगुती, नारळ ताजा, वाटण घरचं, तिखट बेताचं. भाकरी तर फारच छान. ती ग्लूटेन फ्री पोळी म्हणून जी देतात ती मात्र घेऊ नका. आणि तुम्हाला सिलिॲक (गव्हातलं ग्लूटेन अजिबात न चालणारा आतड्याचा आजार) असेल तर स्वयंपाकघराबद्दल नीट चौकशी केल्याशिवाय पैसे भरू नका, मी केली नाही आणि पाच दिवस अंथरुणात काढले.

सर्व्हिस गोव्यात पर्वरी, पणजी आणि म्हापशाच्या बाजूला आहे. नाव टाकत नाही. त्या ताई दोन बायका मदतीला घेऊन घरातूनच करतात, जी चूक झाली ती त्यांनी लगेच मान्य केली आणि सुधारली पण, त्यामुळे माझ्या एका लिहिण्यावरून कुणाचा धंदा बसावा असं मला वाटत नाही. पण जे झालं ते लिहिणारच कारण हल्ली ग्लूटेन फ्रीची पाटी जिथे तिथे दिसायला लागलीय, असगाव शिवोली भागात तर कॅफेंच्या मेनूवर प्रत्येक तिसऱ्या पदार्थापुढे जीएफ लिहिलेलं असतं, आणि त्या दोन अक्षरांवर विश्वास ठेवून माझ्यासारखी माणसं जेवतात.

माझं आधी थोडक्यात. मला सिलिॲक आहे. कळलं ते वयाच्या ३८व्या वर्षी. त्याआधी दोन वर्षं हिमोग्लोबिन सातच्या आसपास, लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन कंटाळले, जिना चढला की धाप, केस गळतायत, तोंडात फोड, आणि सगळे म्हणायचे बायकांना असतंच, बीट खा, खजूर खा. शेवटी पोटाच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी टीटीजी नावाची रक्ताची टेस्ट करायला सांगितली, मग एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासला, आणि निदान झालं. गहू, जव, राय या धान्यांत जे ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं ते पोटात गेलं की माझ्या शरीराची संरक्षण यंत्रणा उलटून आतड्याच्या अस्तरावरच तुटून पडते, त्या अस्तरावर अन्न शोषून घेणारे केसांसारखे बारीक उंचवटे असतात ते झिजून सपाट होतात, मग गोळी कितीही घ्या लोह आत जाणार कुठून. जगात साधारण शंभरातल्या एकाला हा आजार असतो, आपल्या देशात उत्तरेकडे जास्त सापडतो, आम्ही गोंयकार भात खाणारे म्हणून इथे पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. पण सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की पाव नाहीतर पोई (गव्हाच्या कोंड्याचा पाव) घरात येतेच की, चहाबरोबर एक, भाजीबरोबर दोन, वर्षानुवर्षं.

गहू बंद केल्यावर आठ महिन्यांत हिमोग्लोबिन ११.८. गोळ्या त्याच, फक्त आता लागू पडायला लागल्या. म्हणून ग्लूटेन फ्रीने फायदा होतो का असं कुणी मला विचारलं तर माझ्यापुरतं उत्तर एकच, हेच माझं औषध आहे, दुसरं नाही, आणि जन्मभर आहे.

वहिनीचं वेगळं. तिला निदान असं काहीच झालेलं नाही. पोट फुगतं, जड वाटतं, वजन वाढलंय, आणि तिच्या वडलांना हार्टचा त्रास होता म्हणून तिला ती भीती, कुठेतरी रील बघितली आणि मार्चपासून गहू सोडला. जुलैमध्ये मी डबा लावणार म्हटल्यावर ती म्हणाली माझा पण सांग. तर असा एकच डबा दोघींना, एकीला गरज म्हणून आणि एकीला तब्येत सुधारेल म्हणून. म्हणूनच हे सगळं लिहावंसं वाटलं.

आता डबा. दुपारचा एक डबा, महिन्यात २६ दिवस, ५,७०० रुपये. त्याच ताईंचा साधा डबा ३,४०० ला आहे. फरक मोठा आहे आणि पहिल्या आठवड्यात मला तो खटकला कारण डब्यात येतं काय, तर उकड्या तांदळाचं शीत म्हणजे भात, हुमण (माशाचं कालवण) नाहीतर तोंडाक (नारळाच्या वाटणातली उसळ), एक सुकी भाजी, सोलकढी, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी. यातलं एकही मुळात गव्हाचं नाही. आपल्या आज्या जे जेवत होत्या त्याला आज ग्लूटेन फ्री नाव देऊन २,३०० रुपये जास्त घ्यायचे हे बरोबर वाटत नव्हतं. नंतर कळलं की जास्तीचे पैसे द्यायचे तर ते कशासाठी द्यायचे, ते खाली येईल.

जुलै म्हणजे ट्रॉलर बंद, १ जून ते ३१ जुलै बंदीच असते, त्यामुळे ताजं नुस्तं म्हणजे मासे कमीच आले, पण सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किस्मूर दोनदा आली ती इतकी सुंदर होती की वहिनीने फोन करून सांगितलं, अशीच परत पाठवा. फागलांची भाजी, अळू, तांबडी भाजी, खतखतें, सगळं पावसाळ्यातलं जे त्या त्या आठवड्यात बाजारात येतं तेच. नागपंचमीला पातोळ्या आल्या. डबा उघडला आणि हळदीच्या पानाचा वास पूर्ण ऑफिसमध्ये पसरला. तांदळाचं पीठ, नारळ, गूळ, पान, बस. माझ्यासारखीला चतुर्थीला नेवऱ्या (करंज्या) हातात घेऊन नुसत्या बघाव्या लागतात, बिबिंक पण मैद्याचं म्हणून नाही, तिथे पातोळी बिनघोर खाता येते हे सुख काय असतं ते ज्याला रोज लेबलं वाचावी लागतात त्यालाच कळेल.

पोळीचं सांगते. आठवड्यातून दोनदा भाकरीऐवजी ग्लूटेन फ्री पोळी. ती टॅपिओका, मका आणि बटाट्याचा स्टार्च घातलेल्या तयार मिक्सची करतात. गव्हाच्या कणकेला जो ताण येतो, पोळी लाटता येते, फुगते, ते ग्लूटेनमुळेच, ते काढलं की पीठ धरून ठेवायला झँथन गम नाहीतर ईसबगोल घालावं लागतं. गरम असताना ठीक लागत असेल, पण डब्यातून दुपारी एक वाजता खायची म्हटल्यावर ती चामड्यासारखी होते, दुमडली की मोडते. आणि त्यात आहे काय, नुसता स्टार्च. फायबर नाही, प्रथिनं नाहीत. त्यापेक्षा नाचणीची भाकरी शंभर पटीने बरी, नाचणीत १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, सिलिॲकवाल्यांची हाडं कमजोर व्हायची भीती असते त्यांना तर हे फारच कामाचं. मी ताईंना सांगितलं की मला पोळी नकोच, रोज भाकरी द्या. त्यांना आश्चर्य वाटलं, म्हणाल्या लोक तर पोळीसाठीच डबा लावतात.

आता ती पाच दिवसांची गोष्ट.

दुसऱ्या आठवड्यातला बुधवार. डब्यात नीरफणसाची कापां. कापांना आपल्याकडे रवा लावतात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी फोन करून विचारलं सुद्धा, रवा तर नाही ना. ताई म्हणाल्या नाही बाय, तुझी तांदळाच्या पिठातली. खाल्ली. संध्याकाळपासून पोटात कळा, रात्री जुलाब, दुसऱ्या दिवशी तोंडात फोड आणि अंगात असा थकवा की बाथरूमपर्यंत जायला भिंत धरावी लागली. रविवारपर्यंत असंच. वहिनीने तीच कापां खाल्ली होती, तिला काहीही झालं नाही.

बरं वाटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. भांडायला नाही, बघायला. त्या खोटं बोलल्या नव्हत्या, माझी कापां तांदळाच्या पिठातलीच होती, पण तळली त्याच कायलीत, त्याच तेलात, साध्या डब्यांची रव्याची कापां तळून झाल्यावर. तेलात रव्याचे कण राहतात. त्यांच्या डोक्यातच हे आलं नव्हतं की तेवढ्याने काय होणार. मी त्यांना हिशोब सांगितला, गव्हाच्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम ग्लूटेन असतं, आणि रोज ५० मिलिग्रॅम पोटात जात राहिलं तरी आतड्याला इजा होते असं अभ्यासात दिसलेलं आहे, म्हणजे स्लाइसचा चाळिसावा भाग, एक कण म्हणा ना. पाकिटावर ग्लूटेन फ्री लिहायचं तर आपल्याकडे एफएसएसएआयचा (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) नियम आहे की एक किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. डब्याच्या झाकणावर मार्करने जीएफ लिहिताना कोण मोजतंय.

मग आम्ही दोघींनी मिळून सगळं स्वयंपाकघर बघितलं. भाकरीचा तवा तोच ज्यावर सकाळी चपात्या होतात. लाकडी पोळपाट एकच, लाकडाच्या भेगांत पीठ बसतं. नाचणी दळायला गावातल्या गिरणीत, जिथे आधीच्या माणसाचे गहू पडलेले असतात. हिंगाची डबी वाचली तर त्यावर चक्क गव्हाचं पीठ लिहिलेलं, आपण जो नेहमीचा बांधानी हिंग वापरतो तो शुद्ध नसतो, डिंक आणि पिठात मिसळलेला असतो, काही कंपन्या तांदळाचं पीठ घालतात, बऱ्याच गव्हाचं. सोया सॉस, त्यात पण गहू. ताई बिचाऱ्या खाली बसल्या. म्हणाल्या मी चार महिने हे करतेय, मला कुणी सांगितलंच नाही, सगळे वजनासाठी घेतात, कुणाला असं झालंच नाही.

आणि हेच मला सगळ्यात जास्त लागलं. डबा घेणाऱ्यांत बहुतेकजण वहिनीसारखे, त्यांना रव्याच्या कणाने काही होत नाही, म्हणून कुणी तक्रार करत नाही, म्हणून करणाऱ्याला पण वाटतं गव्हाची पोळी दिली नाही की झालं ग्लूटेन फ्री. फॅशन वाढली त्याचा आम्हाला एक फायदा नक्की झाला, पूर्वी पणजीत शोधून एक पाकीट मिळायचं नाही ते आता म्हापशाच्या सुपरमार्केटमध्ये अख्खं शेल्फ असतं. पण हॉटेलात सांगितलं तर वेटर मान हलवतो आणि आत जाऊन तेच करतात, कारण त्याला वाटतं ही पण डाएटवाली असेल.

ताईंनी आठवड्याभरात वेगळा तवा, वेगळी कायली आणली, तांदळाच्या पिठातला हिंग आणला, घरी छोटी चक्की होती ती फक्त नाचणी ज्वारी तांदूळ एवढ्यालाच ठेवली, जीएफचे डबे सकाळी सगळ्यात आधी करायचे आणि मग गव्हाचं काढायचं असं ठरवलं. त्यानंतरचे दोन आठवडे मला काहीही त्रास नाही. जास्तीचे २,३०० द्यायचे ते ह्याच्यासाठी, ह्या वेगळ्या तव्यासाठी आणि सांभाळण्यासाठी. भात आणि भाकरीसाठी नाही. तुम्ही कुठलाही असा डबा लावणार असाल तर मेनू नंतर विचारा, आधी तवा, तेल, पोळपाट, गिरण आणि हिंग विचारा, आणि उत्तर द्यायला समोरचा अडखळला तर स्वतः जाऊन बघा.

आता वहिनी. तिने मार्चमध्ये गहू सोडला तेव्हा पहिल्या महिन्यात अडीच किलो कमी झालं, ती खूश, सगळ्यांना सांगत सुटली. पण सुटलं काय काय ते बघा ना, संध्याकाळची पॅटिस, बिस्किटं, चहाबरोबरचे दोन पाव, केक. ते सगळं कुणीही सोडलं तर वजन उतरेलच, त्यात ग्लूटेनचा काय संबंध. मे महिन्यात तिला ग्लूटेन फ्री कुकीज सापडल्या, मग त्या रोज चार, तब्येतीला चांगल्या म्हणून, आणि वजन परत जागेवर. मी पाकीट वाचून दाखवलं, पहिलं नाव मक्याचा स्टार्च, दुसरं साखर, तिसरं पाम तेल, फायबर नावाला. साध्या बिस्किटापेक्षा तिप्पट महाग आणि त्याच्याहून चांगलं काहीच नाही.

हार्टचं तिला मनातून होतं, ते पण मी शोधलं. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास आलाय, अमेरिकेतले एक लाखाहून जास्त आरोग्य क्षेत्रातले लोक, २६ वर्षं त्यांच्या खाण्याची नोंद ठेवली, तर ग्लूटेन कमी खाल्लं म्हणून हृदयविकार कमी झाला असं काही दिसलं नाही, उलट त्यांनीच लिहिलंय की सिलिॲक नसलेल्यांनी ग्लूटेन टाळायच्या नादात अख्खी धान्यं कमी केली तर हृदयाला जो फायदा होतो तोच जाईल. म्हणजे वहिनी वडलांच्या काळजीने ज्या कोंड्याच्या पोईला घाबरत होती त्या पोईने तिचं काही बिघडत नव्हतं.

पोट फुगण्याचं मात्र खरं होतं, ते ती उगाच सांगत नव्हती, आणि मला अशा लोकांना तुझ्या मनाचे खेळ आहेत म्हणून उडवून लावणं पण पटत नाही, मला दोन वर्षं तसंच उडवलं होतं. गंमत अशी झाली की डब्याचे पहिले दोन अडीच आठवडे गव्हाचा एकही पदार्थ नसूनही तिचं पोट फुगतच होतं. मग श्रावण लागला. ताई श्रावणात कांदा लसूण वापरत नाहीत, सगळे डबे तसेच. आणि चार पाच दिवसांत वहिनी म्हणते अगं हलकं वाटतंय. कांदा, लसूण आणि गहू या तिघांत फ्रुक्टन नावाची एक साखरेची साखळी असते, ती आपल्याला नीट पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन फसफसते आणि गॅस होतो. नॉर्वेमध्ये ५९ लोकांवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये छापून आलाय, सगळे स्वतःला ग्लूटेन सोसत नाही म्हणणारे पण सिलिॲक नसलेले, त्यांना न सांगता कधी ग्लूटेनवाला बार दिला कधी फ्रुक्टनवाला कधी दोन्ही नसलेला, तर जास्त त्रास फ्रुक्टनने झाला, ग्लूटेनने नाही. एका वहिनीवरून मी काही सिद्ध करत नाही, पण तिला डॉक्टरकडे जाऊन सांगायला काहीतरी नेमकं मिळालं.

आणि डॉक्टरकडे गेल्यावर जे कळलं ते प्रत्येकाने वाचावं म्हणून लिहितेय. तिने विचारलं, मला पण सिलिॲक आहे का बघा. डॉक्टर म्हणाले आता कसं बघणार, तुम्ही चार महिने गहू खाल्ला नाहीत. टेस्ट जी पकडते ती ग्लूटेनमुळे शरीरात झालेली खळबळ, ग्लूटेनच नाही तर खळबळ शांत होते, आतडं भरून येतं, आणि आजार असला तरी रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. आता तपासायचं तर परत कमीत कमी सहा आठवडे रोज गहू खायचा आणि मग टेस्ट. खरंच आजार असता तर ते सहा आठवडे काय गेले असते ते मला विचारा. म्हणून हात जोडून सांगते, शंका असेल तर आधी टेस्ट, मग सोडा. आधी सोडू नका.

गव्हानेच हा आजार होतो हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी ओळखलं त्याचीही आठवण होते. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि सगळी मुलं उपासमारीने खंगत असताना सिलिॲकची मुलं सुधारायला लागली, पाव परत आला तशी परत आजारी पडली. त्यांना आधीपासून गव्हाचा संशय होता, तो इथे पक्का झाला. जे अन्न नसल्याने बाकीची मुलं मरत होती तेच नसल्याने ही जगत होती. एकाच पावाची ही गोष्ट मी वहिनीला सांगितली तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही.

तिने डबा पुढे चालू ठेवलाय, पण साधा, ३,४०० चा. कांदा कमी घाला म्हणून सांगितलंय आणि सकाळी परत एक पोई खाते, कारण सहा आठवड्यांनी टेस्ट करून घ्यायचं ठरवलंय. मी ग्लूटेन फ्रीच घेतेय, पोळी वगळून.

मधे वहिनी म्हणत होती की दादाचा आणि मुलाचा पण ग्लूटेन फ्रीच लावू, म्हणजे घरात एकच जेवण. मी कडाडून विरोध केला. दादा माझा सख्खा भाऊ. सिलिॲक असलेल्याच्या सख्ख्या भावंडांत आणि मुलांत हा आजार असायची शक्यता इतरांपेक्षा खूप जास्त असते, दहातल्या एकापर्यंत सांगतात, लक्षणं काही नसली तरी. माझ्या मुलीची टेस्ट तेव्हाच करून घेतली होती, निगेटिव्ह आली. दादा मात्र माझं निदान झाल्यापासून बघू नंतर करतोय, आणि अधूनमधून दमतो, रक्त कमी आहे म्हणून गोळ्या चालू आहेत, त्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं, सगळे वहिनीच्या डाएटबद्दल बोलत होतो. आता अपॉइंटमेंट घेतलीय, येत्या शुक्रवारी रक्त देणार. तोपर्यंत त्याचा पाव अजिबात बंद करू नको म्हणून वहिनीला बजावलंय, पोदेराला पण सांगून ठेवलंय, रोज चार पोई.